चोकला अडकवलेली पर्स

माझं माहेर देवगडकडचं, वडील गिरणीत, आणि लग्न होऊन मी मुलुंडला आले ती टॅक्सीवाल्याच्या घरात. काय सांगू तुम्हाला, ह्यांनी मला टॅक्सी चालवायला शिकवली तेव्हा मी काळा चष्मा लावून बसायची, स्वतःला कोण समजायची देव जाणे, येडी नुसती. स्टिअरिंगजवळ एक खुंटी होती, मला वाटलं बायामाणसांची सोय केलीय, मी तिला पर्स अडकवली. तो निघाला चोक. तो ओढला गेला की पेट्रोल जास्त जातं, गाडी काळा धूर ओकायला लागली, आणि मी पंपावर जाऊन रॉकेल मिसळतोस काय रे मेल्या, म्हणून त्या बिचाऱ्याला शिव्या घालून आले.

ती पर्स अजून माझ्या गळ्यात आहे. गाडीचं काहीही बिघडो, माझा मुलगा संजू म्हणणार, आई, पर्स कुठे अडकवलीस?

आता माझी गाडी टर्बोवाली, सेकंडहँड, पण माझी. टर्बो म्हणजे इंजिनात हवा कोंबणारा पंखा. मध्ये बहिणीला कुर्ला टर्मिनसवरून घेऊन येत होते, तर घाटकोपरच्या पुलावर गाडीने मानच टाकली. मागून हॉर्न, ए आजी, घर जा के सो ना. बहीण म्हणते, गो बाय, तुजी गाडी माज्यासारखीच धापता. घरी आल्यावर संजू म्हणाला, गाडीला काही नाही झालं, तुझ्या पायात जोर राहिला नाही, चावी दे. अरे, चावी काय दे? भाजी आहे ती?

गॅरेजवाल्या अस्लमने आधी प्लग बदलले, मग फिल्टर बदलला, गाडी तशीच. माझं डोकं फिरलं. शेवटी सापडलं, डायव्हर्टर व्हॉल्व्हमधलं रबर फाटलेलं. पाय उचलला की कोंबलेली हवा माघारी फिरवणारी ती झडप, तीच फाटली तर हवा इंजिनात जायच्या आधीच पळते, गाडी ओढणार कशी? त्याने तसलाच नवा बसवला, महिनाभराने तोही फाटला, आणि संजू परत, आई, पर्स? मी म्हटलं, अस्लम, ते रबर जाऊ दे चुलीत, दुसरं काय आहे? तर म्हणाला, आजी, अपग्रेड मारो, धातू का पिस्टनवाला, फटने का सवालच नहीं.

तो बसवला आणि संजूला बाजूला बसवून मी त्याच पुलावर गेले. गाडी अशी सुटली की पोरगा दरवाज्याची कडी धरून ओरडला, आई, हळू गं! मी विचारलं, पायात जोर आहे ना रे?

फाटलेलं रबर मी पर्समध्येच ठेवलंय, कोणी पर्सचं नाव काढलं की उघडून दाखवते. फक्त गुडघा हल्ली ठणकतो, खरंच ठणकतो, आणि आता दोष व्हॉल्व्हवर ढकलायचीही सोय राहिली नाही. असो. गाडीला दम आलाय, आता कधी दम लागला तर तो माझाच. चावी मात्र माझ्याकडेच आहे.