किनारा तीन मैलांवर

चहा घ्या, सांगते. आमच्या शेजारचे नाना गेले तेव्हाची गोष्ट. त्यांचा एकुलता एक मुलगा योगेश मालवाहू जहाजावर नोकरीला. अग्नी तोच देणार, म्हणून नानांना बर्फावर ठेवलेलं. वहिनींना, म्हणजे त्याच्या आईला, बोलवेना, तेव्हा फोन मीच लावला.

"कुठं आहेस रे?"

"गुजरातच्या एका बंदराबाहेर, अक्का. जहाज नांगरलंय, आत यायची परवानगी नाही."

"किनारा किती लांब?"

"आत्ताच रडारवर मोजला. तीन मैल."

"अरे, म्हणजे आपल्या असोद्याहून जळगाव! होडी बघ आणि निघ."

"विचारलं. उतरू देत नाहीत. पुन्हा विचारतो."

मी सगळ्यांना थांबवून धरलं. थोड्या थोड्या वेळानं फोन लावायचा, तर हा म्हणायचा, "रडारच्या पडद्यावरचा अंतर मोजायचा गोल परत किनाऱ्याच्या कडेला टेकवून बघितला, अक्का. तीनच मैल."

शेवटी मी चिडलेच. "सारखं तेच काय मोजू राहिला रे?"

"नांगर सुटून जहाज सरकलं तर नाही ना, हे बघायची माझी ड्युटी आहे, अक्का. अंतर बदलायला नको."

मग फोन धरायला सांगून तो पुन्हा विचारून आला. म्हणाला, "उचला आता बाबांना."