पुढे एक, मागे चार

हॅलो?… हो आत्या, बोल… जेवले… अगं जेवले म्हणते ना… हो, भंगारवाला दुपारी येतोय. बाबांनी घरी बनवलेली ती बग्गी, ती पाइपांची मोटारच न्यायला. दुसरं काय आहे शेडमध्ये?

आठवण म्हणून?… कुठे ठेवू, काचेच्या कपाटात? आत्या, तुझा भाऊ गेला, माझे वडील गेले. त्या पाइपांच्या पिंजऱ्यात ते बसून राहिलेले नाहीत.

नाही, चिडले नाहीये. सांगतेय फक्त.

शेवटची कधी चालवली?… त्याच रविवारी. चांगला रविवार होता गं. मी कपडे वाळत घालत होते आणि बाबा मागच्या मोकळ्या जागेत घिरट्या घालत होते. धूळ सगळी माझ्या चादरींवर. एवढा उंच माणूस, गुडघे पार कानाला टेकलेले. बेडूक बसवल्यासारखे दिसत होते… हस, हस. मीही हसले. तोंडावर हसले. म्हटलं, बाबा, निदान आपल्या मापाची खुर्ची तरी करायची. ती पुढेमागेही होत नाही, सरळ वेल्डिंगच करून टाकलंय… काय म्हणणार? म्हणाले, ये, एक फेरी मार. म्हटलं, कपडे कोण घालणार वाळत?

आणि सोमवारी सकाळी… हो. ते तुला ठाऊकच आहे.

नाही आत्या, ऐक ना. तुला लांबून कौतुक. इथे राहून बघायला हवं होतंस. पाइप वाकवताना चेपू नये म्हणून आत वाळू ठोकून भरायचे. ती वाळू अजून माझ्या उशीत सापडते. आणि पहिल्यांदा चालू केली तो दिवस? शेजारीपाजारी गोळा केलेले. मोठ्या ऐटीत गिअर टाकला आणि गाडी मागच्या मागे शेडच्या दारावर… इंजिन उलटं बसवलेलं. पुढे जायला एक गिअर, मागे जायला चार… अगं खरंच. मी म्हटलं, छान, आता आरशात बघून जग फिरा.

मग काय, सगळं उतरवलं, पुन्हा बसवलं. जन्मभर ऑफिसात खुर्ची उबवलेला माणूस. निवृत्तीनंतर लोक बागेत फिरतात, यांना खाचखळगे हवे होते.

मी? मी कशाला मदत करतेय? पायरीवर बसून वाचत असायचे. तेवढ्यातही चैन नाही. एकदा खोक्यावर बसवलं, हातात स्टीअरिंग दिलं. जरा धर, माझे हात मोकळे नाहीत. बरं म्हटलं, मांडीवर पुस्तक उघडं ठेवलं, वाचत राहिले. हे खाली वाकून फरशीवर खडूने रेघा मारतायत. चपलेला खडू लागला म्हणून वर मीच ओरडले.

आत्या, रडू नकोस गं… बरं. बरं, बघते शेवटचं. तुझ्या समाधानासाठी. थांब, किल्ली घेते… हो, खिळ्यालाच आहे अजून.

उघडलं दार. आहे इथेच, जाईल कुठे. तोच ऑइलचा वास… बसू? अगं, धूळ किती आहे… बसते बाई, बसते. एक पाय आत टाकला की पिंजरा डोक्याला लागतो. नाही. नाही लागला.

…

आहे. आहे मी. थांब जरा.

आत्या, बाबांची उंची माहीत आहे ना तुला? आणि मी आईवर गेलेली, फळीवरचा डबा काढायला स्टूल लागतं मला… ऐक ना. माझा पाय ब्रेकवर बरोब्बर बसतोय. क्लचवरही. पाठ टेकलेली आहे माझी. हात स्टीअरिंगवर, कोपर थोडं वाकलेलं, जसं… जसं खोक्यावर बसून धरलं होतं.

नाही गं, चुकले नव्हते ते. माप माझंच घेतलं होतं. आणि स्वतः त्यात गुडघे दुमडून…

माझ्या तोंडावर बोलले नाहीत कधी. मी म्हटलं ना, आपल्या मापाची करायची. नुसते हसले. ये म्हणाले, एक फेरी मार.

हो… हो… भंगारवाल्याला करते मी फोन. येऊ नको म्हणते. नाही, जागेचं बघू नंतर.

चालू होते का बघते. बॅटरी उतरली असेल बहुतेक… अंहं… पुन्हा… झाली! आत्या, झाली चालू. ऐकू येतंय?… काय?… मोठ्याने बोल… नाही, तुझं काहीच कळत नाहीये मला.

बरंच आहे. ठेवते, हिला दोन्ही हात लागतात.

बाबा, गाडी छान जमलीय.