सड्यावरचा तेलाचा डाग

मी तीन दिवस सांगून राहिली होती, पण माझं कोणाले पटलंच नाही. आमच्या वसंता भाऊजींनी आपल्या जुन्या मोटारीले जीपचे ब्रेक बसवून आणले होते, अन् रविवारी त्याच मोटारीतून माझी लेकरं रामटेकच्या गडावर जाणार होती. सकाळी मी अंगणात सडा टाकाले गेली की मागच्या चाकाखाली तेलाचा ताजा डाग दिसे.

"भाऊजी, ब्रेकचं तेल गळून राहिलं."

"वहिनी, तुम्ही सडा पाहा. गाडी आम्ही पाहतो."

ब्रेक बसवणारा मिस्त्री बी संगच होता. तो म्हणे, "नवं सामान हाये बाई, बसाले टाइम लागते."

"मंग बसू द्या. माझी लेकरं बसणार नाहीत. पहिले रिकामी गाडी त्या निंबापाशी थांबवून दाखवा."

दोघंही हासत गाडीत बसले. निंबापाशी गाडी थांबली नाही. शेजारच्या गोठ्याची ताटी मोडून ती शेणाच्या ढिगात थांबली.

भाऊजी तोंड पुसत उतरले. मिस्त्री म्हणाला, "ब्रेक एक नंबर हायेत बाई. हे मधात आली म्हणून."

"कोण मधात आली?"

त्यानं बोट दाखवलं. पाच वर्षांपासून त्याच खुंट्याले बांधलेली शेजाऱ्यांची म्हैस रवंथ करत उभी होती, चंद्री.