कांब बदलली, आवाज नाही बदलला

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आमचे संचालक माननीय चंपतरावजी, व्यासपीठावरील मान्यवर, सत्कारमूर्ती डॉ. प्रेमिला मॅडम, त्यांच्यासाठी मौद्याहून आलेली मंडळी आणि प्रयोगशाळेतल्या माझ्या सोबत्यांनो,

मी उन्नती, मॅडमची विद्यार्थिनी. भाषणाची सवय नाही, पण आज बोलणं भाग आहे. मॅडमनी आम्हाला चुंबक शिकवलं. तारेच्या जाड वेटोळ्यात लोखंडाची कांब ठेवायची आणि क्षणभर प्रचंड वीज सोडायची. कांब केसाच्या जाडीपेक्षाही कमी ताणली जाते, मग थरथरते. ती थरथर आम्ही स्पीकरवर ऐकतो. रीत अशी की ती पूर्ण विरेपर्यंत कोणी तोंड उघडायचं नाही. त्यात मोबाईल वाजला तर काय होतं, ते आमच्या अंकुशला विचारा.

गेल्या आठवड्यात कांब घोगरी वाजली. आम्हाला वाटलं, तिला तडा गेला. नवी घातली, तीही तशीच वाजली. आम्ही तिसरी शोधायला निघालो, तर मॅडम म्हणाल्या, "उन्नती, कांब बदलली, मग आवाज काहून नाही बदलला वं? वेटोळंच उकलून राहिलं."

वीज सोडली की वेटोळ्यालाही आतून बाहेर रेटा बसतो. ते कच्चं झालं असेल तर फुटतं, आणि तुकडे समोर कोण उभं आहे ते बघत नाहीत. मॅडमनी काम थांबवलं. अध्यक्षमहोदय, तेव्हा आपण म्हणालात, यंत्रावरचे आकडे तर बरोबर आहेत, वय झालं की माणूस भित्रा होतो. मला फार राग आला होता. तो अजून गेलेला नाही.

आज चहानंतर पाहुण्यांना तोच प्रयोग दाखवायचं ठरलं आहे. वेटोळं तेच आहे. नीट दिसावं म्हणून तुकडे अडवणारा मधला जाड पडदा सकाळीच काढून ठेवलाय. मॅडमची नात दीक्षा इथे पहिल्या रांगेत बसली आहे, ती तिथेही पहिल्याच रांगेत असेल. आणि यंत्राची चावी आपण मघाशी, टाळ्यांच्या गजरात, माझ्या हाती दिलीत. माझी नोकरी कंत्राटी आहे, मुदतवाढ आपल्या सहीवर आहे. हे ठाऊक असूनच बोलते आहे.

मॅडम, ऐकायला शिकवलंत, त्याचे आभार कसे मानू? पाहुणेमंडळींनो, आपण आलात, बरं वाटलं. तर्री-पोहे गरम आहेत, सावकाश घ्या. प्रयोग होणार नाही.

बोलण्याच्या भरात कोणाचा मान राखायचा राहिला असेल तर मला लहान समजून पोटात घाला. चावी मात्र मागू नका.