कॅन भरला की झालं

न्हाय न्हाय, वाईट म्हणत न्हाय मी — बसा की दत्तोबातात्या, पळसदेवाहून एवढ्या उन्हाचं आलाय, चहा सांगतो — वाईट न्हाय म्हणत, नुसतं इचारतो, दूध संस्थेचा कारभार हाय का पोरखेळ? स्वरूपाचा प्रोग्राम घ्यायचा म्हणता, घ्या. पण सेक्रेटरी तुमी हाय. उद्या कॉम्प्युटर अडला, दुधाच्या पावत्या निघाल्या न्हाईत, तर सभासद कुणाच्या दारात येणार? तुमच्या. तिच्या न्हाय.

ह्या अंगाला ज्या ज्या संस्थेत कॉम्प्युटर आला, तितं प्रोग्राम कुणी बसवला? मीच. काळा पडदा, पांढरी अक्षरं, सगळं इंग्रजी. फ्लॉपीवर फ्लॉपी घालायची, मधीच ते अडायचं, मग मी जरा डोकं खाजवायचो, चार शब्द बडवायचो — आन् चालू! बायाबापड्या माना उंच करून बघायच्या. सर्जेराव सर, सर्जेराव सर! मशीनपुढं नारळ फुटायचा. एका चेअरमननं तर कुंकवाची चिमूट सरळ फ्लॉपीच्या फटीत सोडली — काय म्हणणार? देव केलावता त्यांनी त्याचा, आन् मी पुजारी. चप्पल बाहेर काढायची, हात कुणी लावायचा न्हाय, एक अक्षर चुकलं की मला बोलावणं. मोटरसायकल काढायची आन् जायचं. जाईल तितं कोंबडं शिजायचं. बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू?

आन् ही स्वरूपा — माझ्याच क्लासात शिकलेली बरं का! पुण्याला गेली, चार बुकं जास्त वाचली, परत आली. आन् केलं काय? दुधाच्या रांगेत जाऊन बसली, बायकांत. दगडाबाईला इचारती, मावशी, ह्याला तुमी काय म्हणता, ते कसं सांगता? अहो, प्रोग्राम करणारानं दगडाबाईला इचारायचं? आन् तिनं सांगितलं तसंच केलं! म्हशीचं दूध आलं तर म्हशीचं चित्र दाबा, गाईचं आलं तर गाईचं. बसवायचं म्हणाल तर एक फ्लॉपी घाला, एक बटण दाबा, पडद्यावर दुधाचा कॅन येतो आन् आपोआप भरत जातो. कॅन भरला की झालं. म्हणजे झालंच! मला कुणी बोलवायलाच नको! — हसू नका तात्या. चुकीचं बटण दाबलं तर मराठीत लिहून येतं, काय बिघडलं न्हाय, पुन्हा दाबा. अशी लाडीगोडी मशीननं करायची असती व्हय? माझा प्रोग्राम चुकलं की कर्कश ओरडतो. माणूस कसा धाकात राहतो.

काय म्हणालात? जळतो? मी? त्या कालच्या पोरीवर? — बरं, जळतो. व्हय, जळतो. आता झालं समाधान? पण तिनं माझी गिऱ्हाइकं नेली म्हणून न्हाय — म्हणजे त्याच्यापायी बी हाय, पण तेवढ्यापायी न्हाय. आमची कौसल्या. ह्या घरात कॉम्प्युटर आल्यापासनं बायकोनं त्यावरची धूळ बी पुसली न्हाय. मीच म्हणालो, लांब राहा, तुला कळायचं न्हाय, जळून जाईल. राहिली लांब. आन् आता इथल्या दूध संस्थेत मशीनवर बसती! स्वरूपानं बसवली. मी गेलो परवा, आत न्हाय गेलो, खिडकीतनं बघितलं. एका हातानं पदर सावरती, एका हातानं बटणं दाबती, चुकती — आन् हसती! दात दिसेस्तवर! घरात हातातनं फुलपात्र जरी निसटलं तरी आधी माझ्या तोंडाकडं बघती ती. तितं कुणाकडंच बघत नव्हती, तात्या. नुसती हसत होती.

मग मी स्वरूपाची फ्लॉपी आणली. चोरून न्हाय, अशीच. ह्या इथं दार लावून घातली, आन् मुद्दाम चुकलो. भलती बटणं दाबली, मधीच वीज बंद केली, म्हशीच्या जागी गाय केली. कुठं तरी अडंल की न्हाय? अडायलाच पायजे. दुपार गेली माझी त्यात. शेवटी नुसता बसून राहिलो, तो कॅन भरताना बघत. तो बी कसा, वर फेस दाखवलाय पोरीनं! फेस! कुणी सांगितलंवतं का तिला?

उठलात? चहा तरी येऊ द्या. — न्हाय? बरोबर हाय, उठा. स्टँडच्या मागं पिठाची गिरणी हाय, तिला लागून स्वरूपाचं दुकान. दार उघडंच असतं. ह्या वक्ताला कौसल्या बी तितंच असंल, नव्या बायकांना शिकवती म्हणं. तिला म्हणावं, सर्जेरावांनी — न्हाय. काय म्हणू नका. जावा तुमी.