उभ्या गाडीची चाकं

परमेश्वर : सुट्टीवर आलेल्या माणसाला रविवारी तरी झोपू द्यावं की, आई.

मुक्ताबाई : झोप ना. किक मी मारायलेय, तुझे पाय कावून दुखतेत?

परमेश्वर : अण्णा जाऊन दोन वर्षं झाली. ही मोटरसायकल आता चालवणार कोण?

मुक्ताबाई : चालवायची कशाला? तूच न्हवं का फोनवर सांगितलं, उभ्या इमानाची चाकं मधूनमधून फिरवावी लागतेत, न्हाईतर टायर एका अंगानं बसतंय म्हणून? मग मी बी दर रविवारी लुगडं खोचून हिची फिरवते. वर दोन किका.

परमेश्वर : अगं, विमानाचं वजन किती, हिचं किती!

मुक्ताबाई : रबर ते रबर. तुझं इमान कसं हाय?

परमेश्वर : उभंय.

मुक्ताबाई : अजून? पोळ्याला बी उभंच होतं.

परमेश्वर : एका इंजिनात खोट निघाली. दुरुस्तीला वर्षभराची रांग. तवर त्याचं चांगलं इंजिन काढून दुसऱ्या विमानाला लावलं. मग सीटा नेल्या, मग चाकं. ज्याचं विमान हाय त्याला भाडं चालूच. तिकीट एक न्हाई, खर्च रोजचा. किती दिवस सोसंल कंपनी?

मुक्ताबाई : आन चाकं नेल्यावर तू काय फिरवत होतास?

परमेश्वर : तू किक मार.

मुक्ताबाई : मारते. रात्री अंबाजोगाईच्या शेवटच्या बसनं उतरलास, तर खांद्यावर पान्यांची पेटी. सुट्टीला कोण आणतं रे पेटी?

परमेश्वर : असू द्यावी जवळ.

मुक्ताबाई : असू दे. लई जड हाय पर. मी उचलून बघितली.

परमेश्वर : आई, ही गाडी इकून टाक. आसाराम घेतो म्हणत होता.

मुक्ताबाई : त्याला मी न्हाई म्हणलंय.

परमेश्वर : कावून? गंजायलीय नुसती.

मुक्ताबाई : हिचा आवाज झाला की भिंतीपल्याडून वनमाला इचारते, कोण आलं गं? मी म्हणते, कोणी न्हाई. पर इचारतंय तरी कोणी. आठवड्यातून एकदा.

परमेश्वर : सरक. मी मारतो किक.

(गाडी तिसऱ्या किकेला सुरू होते.)

वनमाला : कोण आलं गं, मुक्ताबाई?

(मुक्ताबाई पदरानं गाडीचा आरसा पुसते.)

वनमाला : अगं, कोण आलं?

परमेश्वर : मी हाय, काकू. परमेश्वर. नोकरी गेली माझी.