मुशीतून सुटलेलं नाणं

आमच्या विट्याच्या तात्यांनी चाळीस वर्षं मद्रासला गलाई केली. जुनं सोनं-नाणं काही आलं की मुशीत टाकून वितळवायचं, हाच धंदा. परवा त्यांना साताऱ्याला संग्रहालय दाखवायला नेलं, तर तलवारी सोडून गडी एका काळपट काशाच्या नाण्यापुढंच थांबला.

पहारेकरी म्हणाला, "रोमच्या बादशहाचं हाय. दोन हजार वर्षं झाली."

तात्यांनी टोपी काढून हातच जोडले.

मी म्हणालो, "आवं तात्या, बादशहाला नमस्कार?"

"बादशहाला कशाला रं? एवढ्या वर्षांत हे ज्यांच्या ज्यांच्या हातात आलं, त्या समद्यास्नी. एकानंबी वितळवलं न्हाई. माझ्या हातात आलं असतं तर संध्याकाळ बघितली नसती त्यानं!"